मधला रकाना

जमिनीला ठोकलेल्या बाकांच्या वर्गात हा तास होत नाही. म्हणून एनएसएसच्या खोलीत सतरंजी टाकतो आणि दुसऱ्या वर्षाची पंचवीसेक मुलं गोल बसतात. वहीचं पान आडवं धरून तीन रकाने आखायचे: काय घडलं, तेव्हा मी मनात काय म्हटलं, आणि मग मला काय वाटलं, मी काय केलं. पद्धत अल्बर्ट एलिस यांची, 1955 च्या सुमाराची. आपल्याकडे ती रुजवली कि. मो. फडके यांनी. मूळ मानसोपचारातली, पण वर्गातही छान चालते. पेनाशिवाय काही लागत नाही.

पहिला आणि तिसरा रकाना भराभर भरतात. मधला कोरा.

एकानं लिहिलं होतं, ‘लग्नात दादा चारचौघांत म्हणाला, याच्यानं काय होणार.’ तिसऱ्यात, ‘राग आला. न जेवता निघालो.’

“मनात काय म्हटलंस?”

“काही नाही सर, राग आला.”

“तो तिसऱ्यात लिहिलायस की.”

इथून पुढे गप्प बसणं हेच शिकवणाऱ्याचं काम, आणि मास्तरकी करणाऱ्याला ते सर्वांत जड जातं. मी एखादं वाक्य सुचवलं तर तो ते इमानेइतबारे उतरवून घेईल, पण ते त्याचं नसेल. बऱ्याच वेळानं त्यानं लिहिलं, ‘ते सगळ्यांना पटलं.’ शेजारच्या मुलीनं विचारलं, “सगळे म्हणजे कोण कोण रे?” आठवून पाहिलं तर दोन काका आणि एक वाढपी. त्यातले एक काका मोबाइलमध्ये. वर्ग हसला, तोही हसला. राग गेला नाही, जेवण्याइतपत उतरला. एलिसही तेवढंच मागतात. वाईट वाटणारच, त्यानं माणूस अडून बसू नये.

हे रकाने प्रत्येक दुखण्यावर चालत नाहीत. आडनाव कळल्यावर खोलीतल्या मुलांनी बोलणं टाकलं, असं कुणी लिहिलं तर तपासायचं ते वसतिगृह. त्याचे विचार नव्हेत. तिथे तक्रारीचा अर्ज लिहायला सोबत बसायचं. ‘जगून काय करू’ अशी ओळ दिसली तर ती गोलात वाचायची नाही. त्याच दिवशी त्या मुलाबरोबर समुपदेशकाकडे चालत जायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम असतो.

असल्या कौशल्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 मध्ये ‘जीवन कौशल्य’ अभ्यासक्रम आणला. आठ श्रेयांक: संवाद, व्यावसायिक कौशल्यं, नेतृत्व व व्यवस्थापन, मानवी मूल्यं. सभागृहात दोनशे मुलं बसवून, पडद्यावर चित्रं दाखवून हे उरकता येतं, आणि उरकलंही जातं. प्राचार्यांना विनंती एवढीच, की पंचवीस मुलांची तुकडी द्या आणि गुण द्यायचेच असतील तर हजेरीवर द्या. मधल्या रकान्याला गुण लावले की मुलं सरांना आवडेल तेच लिहितात.