‘आयकर खात्यातून बोलतोय’ असा फोन आला तर



आपल्या मंडळीतील एक निवृत्त शिक्षिकाबाई मोबाइल कानाला धरूनच आमच्या कार्यालयात आल्या. डोळ्यांत पाणी. आयकर थकला आहे, आत्ताच्या आत्ता पैसे भरा, फोन ठेवलात तर पोलीस दारात येतील, असे पलीकडचा ‘साहेब’ दटावत होता. मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि बंद केला. त्या माझ्यावरच रागावल्या!

हा धंदा आपल्या ठाणे जिल्ह्याला नवा नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले, तेव्हा 700 हून अधिक जण ताब्यात आले. शिकलेली तरुण मुले होती ती. समोर लिहून ठेवलेला मजकूर वाचून ती अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या कर खात्याच्या नावाने धमकावीत. घाबरलेला माणूस दुकानातून गिफ्ट कार्डे घेई आणि त्यांवरचे आकडे फोनवर वाचून दाखवी. पैसे गेलेच. जक्कय लोकांकडून जास्त घेई, पण निदान तो खरा जकातदार तरी होता.

आता तीच युक्ती मराठी-हिंदीत आपल्या घरी आली आहे. ओळखायची खूण एकच, घाई. खरे आयकर खाते लेखी नोटीस देते. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रांवर ओळख क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येते. कर भरायला साधारण 30 दिवस मिळतात. परतावा असेल तर तो थेट बँक खात्यात येतो, त्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही. आणि व्हिडिओ कॉलवरची ‘डिजिटल अरेस्ट’ तर कायद्यातच नाही.

पाड्यावरच्या माणसाला कसला आयकर, असे आपल्याला वाटेल. पण बँक खात्यासाठी पॅन कार्ड काढलेले असते आणि गोदामात कामाला लागताना त्याची झेरॉक्स मुकादमाकडे जाते. ती पुढे कुठे जाते कोण जाणे. म्हणून फोनवाल्याने नाव आणि पॅन नंबर बरोबर सांगितला, तरी तो खरा ठरत नाही. आमच्या कातकरी भगिनींना मोबाइलवर खाकी कपडे दिसले तरी पुरते; योजनेचे पैसे बंद होतील म्हटल्यावर त्या विचारतील ते सांगून मोकळ्या होतात.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढे काढली जाण्याआधी गोठवता आली, तर ती परत मिळण्याची आशा राहते. उद्या बघू म्हटले की संपले.

पाड्यांवरच्या महिला सभेत आम्ही हा नंबर प्रत्येकीच्या मोबाइलच्या मागे लिहून देतो. भेटीला याल तेव्हा एक-दोन मार्कर पेन घेऊन या, आमची सारखी वाळतात.