वाऱ्याशी झुंजणारं लाकूड

ऐका रे पोरांनो. १९९१ च्या सप्टेंबरात इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्सच्या डोंगरात एक जर्मन जोडपं भटकत होतं. वितळत्या बर्फातून वर आलेला एक मृतदेह त्यांना दिसला. कुणी गिर्यारोहक दगावला असेल, असं आधी वाटलं. पण तो निघाला पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा! त्याचं नाव पडलं ओत्झी. त्याच्यापाशी तांब्याची कुऱ्हाड होती, भाता होता आणि यू नावाच्या झाडाचं धनुष्य होतं. ओत्झीची उंची १६० सेंटीमीटर, धनुष्याची १८२. मालकापेक्षा वीतभर उंच!

गंमत म्हणजे ते अर्धवटच होतं. तासल्याच्या खुणा तशाच, दोरी अडकवायला खाचही नाही. भात्यातल्या १४ बाणांपैकी १२ अपुरे. आणि बिचारा गेला तो दुसऱ्याच कुणाच्या बाणाने. त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेलं दगडी टोक २००१ साली तपासणीत दिसलं.

"पण आजोबा, इतकी झाडं असताना यूच का?"

खोडरबर आण बघू, सई. त्याच्या कडेवर पेनाने एकमेकींच्या जवळ उभ्या रेघा मार आणि वाकव. बाहेरच्या अंगाला रेघा फाकल्या, आतल्या अंगाला दाटल्या, हो ना? म्हणजे बाहेरचं अंग ताणलं गेलं आणि आतलं दाबलं गेलं. धनुष्य खेचलं की लाकडाचंही हेच होतं. एकाच दांड्याला एकाच वेळी दोन उलटी कामं.

यूच्या खोडात या दोन्ही कामांची सोय आहे. सालीलगतचं फिकट लाकूड ताण छान सोसतं, आतला लालसर गाभा दाब सोसतो. कारागीर खोड पाचर ठोकून उभं फाडतात, म्हणजे फाळका धाग्यांच्या वाटेनेच जातो. मग दांडा असा तासतात की फिकट पट्टा तिरंदाजापासून दूरच्या अंगाला राहील आणि गाभा त्याच्याकडे. बाहेरच्या अंगाचे धागे आडवे कापले गेले, तर पहिलं कुसळ तिथेच उठतं आणि धनुष्य मोडतं. वापरून झालं की दोरीही उतरवून ठेवायची. दाबलेलं लाकूड फार वेळ तसंच ठेवलं तर पुरतं परत फिरत नाही, धनुष्य वाकडंच राहतं आणि त्याचा जोर जातो.

इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं 'मेरी रोझ' जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात यूची शंभरावर धनुष्यं मिळाली. इंग्लंडला घरचं यू पुरेनासं झालं होतं. म्हणून १४७२ च्या कायद्याने परदेशाहून माल आणणाऱ्या जहाजांवर दर टनामागे धनुष्याचे चार दांडे आणायची सक्ती केली. जणू लाकडातली जकातच! डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत सापडलेली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं मात्र एल्म नावाच्या झाडाची. तिथल्या लोकांनी या धनुष्यांचे बाहू रुंद, चपटे ठेवले. भार रुंदीवर वाटला जातो, लाकडावरचा ताण हलका होतो.

आता सांगा, झाडाला का धनुष्य व्हायचं असतं? त्याला वाऱ्यात उभं राहायचं असतं. वाऱ्याने खोड वाकलं की वाऱ्याकडची बाजू ताणली जाते, पलीकडची दाबली जाते. सगळा त्रास कडेला, मधोमध जवळजवळ काहीच नाही. बांबूने तर मधला भाग सोडूनच दिला, पोकळ राहिला आणि बळ कडेला नेलं. बांबूचा आडवा काप भिंगाखाली धरा. चिवट धाग्यांचे गडद ठिपके सालीकडे खच्चून भरलेले दिसतील, पोकळीकडे विरळ होत गेलेले.

सातपुड्यातले भिल्ल तीरकामठा बांबूचाच करतात. पण मला खरी गंमत वाटते ती दोरीची. धनुष्याला ताण आणि दाब दोन्ही असतात, दोरीला मात्र नुसताच ताण. म्हणून दोरीसाठी बांबूच्या सालीकडची पातळ पट्टी काढतात, सगळ्यात दाट धाग्यांची. बांबू हे गवत आहे, बरं का. म्हणजे तिथे धनुष्यही गवताचं आणि दोरीही त्याच गवताची!