चौकट : वजनकाट्यावर आईचं मन

बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आपल्या जवळचा भक्कम अभ्यास गोव्यातला आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी आयांची मनःस्थिती पाहिली आणि सहाव्या महिन्यात बाळांची वाढ मोजली. नैराश्य असलेल्या आयांची ३० टक्के बाळं वजनात फारच मागे होती. इतर आयांची १२ टक्के. लांबीतही असाच फरक होता आणि बौद्धिक विकासाचे गुण कमी होते. जन्मवजन आणि आईचं शिक्षण लक्षात घेऊनही वजन-लांबीतला फरक पुसला गेला नाही.

असं का होतं? बाळ हुंकारतं, हसतं, तेव्हा त्याला उत्तर हवं असतं. खचलेल्या आईकडून ते उशिरा येतं किंवा येतच नाही. अंगावर पाजणं, लस, आजारपण ओळखणं, सगळंच जड होतं. यात तिचा दोष नाही. गोव्यातच गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही नैराश्याची मोठी कारणं दिसली. मुलगी झाल्याचा ताण वेगळाच.

मावळात, आंबीसारख्या गावात, आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतात. वजन बाळाचं होतं. आईला मात्र बहुतेकदा ‘दूध येतं ना?’ एवढंच विचारलं जातं. पहिलटकरीण माहेरी असेल तर सासरी परतताना ताईही बदलतात.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप उडणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्याच्या ‘टेली मानस’ हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आईला एकटं न ठेवता लगेच रुग्णालयात न्या.