वैमानिकाविना हेलिकॉप्टर डोंगरावर उतरेल का?

एकलहऱ्यात हेलिकॉप्टरचा आवाज काही नवा नाही. जवळच गांधीनगरला लष्कराचे 'कॅट्स' हे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथले वैमानिक रोज सराव करतात. मग घरातली मुलं विचारतात, "ड्रोन आपोआप उडतो, तर हेलिकॉप्टर का नाही?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्याशी माणसांचे जीव जोडलेले आहेत.

१९ जुलै २०२३ ची रात्र आठवा. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी पोचले नाहीत. हेलिकॉप्टर तयार होते, पण खराब हवामानामुळे उडू शकले नाही. मदत करणारे चिखलातून डोंगर चढले आणि फावड्या-कुदळींनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले.

अशा ठिकाणी हेलिकॉप्टर उतरवायचे तर वैमानिक काय बघतो? जागा पुरेशी मोकळी आहे का, उतार किती, जमीन भक्कम आहे की भुसभुशीत, गवतात दगड लपलेत का, वर तारा आहेत का. शेवटच्या क्षणी पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडते आणि समोरचे काहीच दिसत नाही.

स्वयंचलित हेलिकॉप्टरला हेच काम यंत्राच्या डोळ्यांनी करावे लागते. त्यासाठी 'लायडार' वापरतात. हे उपकरण लेसरचे किरण खाली सोडते. किरण आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळते. अशा लाखो मोजमापांतून जमिनीचा उंचसखल नकाशा तयार होतो आणि संगणक त्यातली सपाट जागा निवडतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि पियासेकी कंपनीने मोठ्या हेलिकॉप्टरवर हे करून दाखवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'ब्लॅक हॉक' हेलिकॉप्टर आत एकही माणूस नसताना उडाले आणि उतरलेही.

मग अडचण कुठे आहे? त्याचे उत्तर मंगळावर मिळते. नासाचे 'इन्जेन्युइटी' हे जेमतेम १.८ किलोचे हेलिकॉप्टर एप्रिल २०२१ मध्ये तिथे उडाले. पृथ्वीवरून संदेश पोचायला काही मिनिटे लागतात, म्हणून उडतानाचे निर्णय त्यालाच घ्यावे लागत. पाच उड्डाणे ठरली होती, त्याने ७२ केली. त्याचा कॅमेरा खालचे दगडगोटे बघून आपण किती सरकलो हे ठरवायचा. जानेवारी २०२४ मध्ये खाली नुसती एकसारखी वाळू आली. ओळखीची खूणच नाही! अंदाज चुकला, ते जोरात आदळले आणि पाती मोडली.

आपल्याकडेही हे धोके आहेतच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा आपण रोज बघतो. बारीक तार दोन किरणांच्या मधून निसटू शकते. दाट ढग आणि मुसळधार पावसात लायडारची नजरही अधू होते. म्हणजे यंत्र आले तरी इर्शाळवाडीसारख्या रात्री ते पोचेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फायदा एवढा नक्की, की धोक्याच्या जागी औषधे आणि सामान पाठवताना वैमानिकाचा जीव पणाला लागणार नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? गावाजवळचे एखादे मोकळे, तारा नसलेले मैदान माहीत असू द्या आणि त्यावर अतिक्रमण होऊ देऊ नका. पूर असो वा दरड, हेलिकॉप्टर येताना दिसले की ताडपत्री, पत्रे, प्लास्टिक आवरून ठेवा, कारण ते उडून पंख्यात जाऊ शकते. मुलांना लांब धरा. ओढणी, रुमाल, टोपी घट्ट सांभाळा. शेपटीकडच्या पंख्याकडे तर कधीच जाऊ नका, फिरताना तो नीट दिसत नाही. आतून माणसाने हाताने बोलावल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.