न झालेली पंधरावी फेरी

बॉक्सिंगचे शौकीन जमले की मनिलाची लढत निघतेच. १ ऑक्टोबर १९७५, महंमद अली विरुद्ध जो फ्रेझर. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे सुजून जवळपास मिटले होते. तरी तो पुन्हा उभा राहायला तयार होता. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचे न ऐकता लढत थांबवली. मला त्या लढतीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते. कवटीतल्या द्रवात तरंगणारा मेंदू किंचित मागे राहतो आणि आतले बारीक चेतातंतू ताणले जातात. ग्लोव्ह्ज प्रामुख्याने मारणाऱ्याची बोटे वाचवतात, समोरच्याचा मेंदू नव्हे. शुद्ध हरपली तरच इजा झाली, हाही गैरसमजच. न पाडणारे शेकडो ठोसे, अगदी सरावातलेसुद्धा, वर्षानुवर्षे साठत जातात. अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीवर लिहिले होते.

अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. ते ठोशांमुळेच, असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ मध्येच त्याला थांबायला सांगून बाजूला झाले होते. त्यानंतर अली आणखी चार लढती खेळला.