जरा की व्याधी? उंदराच्या दृष्टिपटलाचा बोध

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. एका डोळ्याला दाराची उभी चौकट वाकडी दिसते, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही ‘वयोमान’ म्हणून महिनाभर त्रिफळाघृत दिले. पुढे नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत दृष्टिपटलाच्या पीतबिंदूखाली रक्तस्राव आढळला. गेलेली दृष्टी परत आली नाही. तेव्हापासून ‘वय झाले’ हे निदान उच्चारताना आम्ही थबकतो.

शार्ङ्गधराचार्यांनी दशकागणिक ऱ्हास सांगताना सहावे दशक दृष्टीचे मानले आहे. सुश्रुताचार्यांनी मात्र जरेचे कालज व अकालज असे भेद केले आहेत. हा भेद प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, तर प्रयोगशाळेतील उंदराच्या दृष्टिपटलाचा अभ्यास उद्बोधक ठरतो.

जन्म म्हणजे पूर्णता नव्हे

उंदराचा गर्भकाळ सुमारे 19 ते 20 दिवसांचा. मेंदूकडे दृष्टिसंवेदना नेणाऱ्या पेशी गर्भावस्थेतच तयार होऊ लागतात. मंद प्रकाश ग्रहण करणाऱ्या दंडपेशींची निर्मिती जन्माच्या सुमारास सर्वाधिक असते. द्विध्रुवी पेशी व आधार देणाऱ्या म्युलर पेशी मुख्यतः जन्मानंतर निर्माण होतात. डोळे उघडतात ते 12 ते 14 व्या दिवशी. दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्याही जन्मानंतरच चक्षुनाडीच्या मुखापासून परिघाकडे पसरतात. मानवात हे कार्य गर्भाशयातच जवळजवळ पूर्ण होते. म्हणूनच अकाली जन्मलेल्या बालकात ते अपुरे राहते आणि पुढे विकृत वाहिन्या वाढून अंधत्व येऊ शकते. भारतात 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकाची दृष्टिपटल तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हावी, असा संकेत आहे. ‘मोठे झाले की नजर स्थिरावेल’ हे आश्वासन येथे घातक ठरते.

वार्धक्याचे स्वरूप

संशोधनात नेहमी वापरला जाणारा काळा उंदीर दोन ते अडीच वर्षे जगतो. वयानुसार त्याच्या दंडपेशी हळूहळू घटतात, प्रकाशाला मिळणारा विद्युत्प्रतिसाद क्षीण होतो, रंजक स्तरात मलस्वरूप द्रव्य साठते. द्विध्रुवी पेशींचे तंतू आपली मर्यादा ओलांडून वरच्या थरात शिरतात. हा बदल मंदगती असतो. एवढ्याने उंदीर आंधळा होत नाही. ही कालज जरा.

याउलट 1924 साली कीलर यांनी दंडपेशीविरहित दृष्टिपटलाचे उंदीर वर्णिले. अशा आनुवंशिक दोषाच्या एका प्रसिद्ध जातीत जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत जवळजवळ सर्व दंडपेशी नष्ट होतात. हा आदिबलप्रवृत्त व्याधी. पांढऱ्या उंदरांना प्रखर प्रकाशात ठेवल्यास त्यांच्या प्रकाशग्राही पेशी मरतात. हा बाह्य हेतूचा परिणाम. तिन्ही ठिकाणी पेशीनाश आहे, पण हेतू व गती भिन्न आहेत.

तारतम्य हवे

उंदीर निशाचर आहे. त्याच्या प्रकाशग्राही पेशींपैकी सुमारे 97 टक्के दंडपेशी असतात आणि त्याला पीतबिंदू नसतो. म्हणून एखाद्या घृताचा उंदरावर दिसलेला लाभ मानवी पीतबिंदूच्या विकाराला जसाच्या तसा लावता येणार नाही. प्रयोगातील उंदराची जात आनुवंशिक दोषरहित होती काय, हेही पाहिले पाहिजे. तसेच सुश्रुतोक्त चार पटले म्हणजे दृष्टिपटलाचे थर, असे ओढूनताणून समीकरण मांडण्याचा मोह टाळावा.

दृष्टीचा ऱ्हास मंद व दोन्ही डोळ्यांत सारखा असला तरी नेत्रतपासणी करून घ्यावी. तो अचानक असेल, एकाच डोळ्यात असेल, रेषा वाकड्या दिसत असतील, तर रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. जरा म्हणण्यापूर्वी व्याधी नाही याची खात्री करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. रसायन व चक्षुष्य चिकित्सेचे स्थान त्यानंतरचे.