अभ्रकाचे पापुद्रे आणि हिऱ्याचें टोंक

अंतरिक्ष पार्श्वनाथामुळें शिरपूरचें नांव दूरवर पोहोंचलें आहे. परंतु पायांखालील काळ्या जमिनीचें नवल आम्ही शिरपूरकर क्वचितच करितों. वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यांत त्या बुजून जातात. याचें मर्म कळण्यास प्रथम अभ्रकाकडे वळूं.

अभ्रकाचा तुकडा नखानें उकलला असतां एकामागून एक पापुद्रे सुटतात. त्याच्या मूळ स्तराची जाडी सुमारें १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग असते. स्तरांतील सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध दृढ असतात. पण दोन स्तरांमधील पोटॅशियमची पकड त्या मानानें सैल असते. वहीचीं पानें भक्कम, पण शिवण कच्ची, असाच हा प्रकार होय.

असा पदार्थ किती कठीण आहे हें पाहण्यासाठीं हिऱ्याचें तीन बाजूंचें अतिसूक्ष्म टोंक त्यावर हळूहळू दाबितात आणि दाब व खोली यांची सतत नोंद ठेवितात. या नोंदीवरून कठीणपणा काढण्याची आज रूढ असलेली रीत ऑलिव्हर व फार यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केली.

टोंक पापुद्र्यांवर उभें दाबिलें असतां आरंभीं स्तर केवळ वांकतात व दाब काढतांच पूर्ववत् होतात. दाब वाढला कीं, गठ्ठ्यांतील कागद मुडपावे तसे ते मुडपतात. मुडपलेल्या जागीं स्तर एकमेकांपासून सुटतात, टोंक एकाएकीं खालीं घसरतें आणि नोंदीच्या रेघेंत पायरी उमटते. भेग पापुद्रे छेदून जाण्याऐवजीं बहुधा त्यांच्यामधून आडवी धांवते. सारांश, अशा वस्तूचें बळ तिच्या पानांपेक्षां शिवणीवर अवलंबून असतें.

आतां आपल्या मातीकडे येऊं. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसापासून झालेला काळा पाषाण झिजून ती बनली. तिच्यांतील चिकणमातीचे कणही स्तरांचेच आहेत. मात्र त्यांची शिवण अभ्रकाहूनही सैल असल्यामुळें पाणी थेट स्तरांमध्यें शिरतें. तेव्हां माती फुगते, वाळतां आकसते आणि भेगाळते. तिच्यावरच पाया घातलेल्या घराच्या भिंतीही मग तडकतात. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यावा. नॅनोमीटरभर जाडीच्या स्तरांतील ही सैल शिवण ज्यानें ओळखली, त्याला पाया खोल नेण्याचा खर्च व्यर्थ वाटणार नाहीं.